हिरव्या महिन्यातला लाल रंग

एक्क्याऐंशी साली मी शहागड सोडलं, त्या सकाळी बापू हंड्यावरून तसेच उठून स्टँडवर आले होते. हात कोपराच्या जरा खालपर्यंत लालभडक. औरंगाबादची एसटी लागली होती, कंडक्टर घाई करत होता. माय डोळे पुसत होती आणि पुसता पुसता माझ्या ट्रंकेची सुतळी नीट बांधली आहे की नाही तेही बघत होती. मी वाकून नमस्कार केला. बापूंनी दोन्ही हात अंगापासून लांब धरले, उजवं कोपर वर उचललं आणि माझ्या डोक्यावर टेकवलं. खिडकीतून बघणारं कोणीतरी हसलं.

आमच्यात आशीर्वाद असाच मिळायचा. आम्ही रंगारी. बापूंचे हात दिवसभर रंगाच्या पाण्यात. त्यांनी पोरांच्या डोक्यावर तळवा ठेवला असता तर केस आणि झगा पंधरा दिवस लाल राहिले असते. म्हणून कोपर. त्यांच्या बापानेही त्यांना कोपरच लावलं होतं. मला तर लहानपणी वाटायचं, आशीर्वाद द्यायचा अवयव तोच. शाळेत गुरुजींनी एका मुलीच्या डोक्यावर पंजा ठेवला तेव्हा तिला मार बसतोय असं समजून मीच मान खाली घातली होती.

"पक्का रंग हाय आपला," बापू म्हणाले. "कुठं बी जाय, उतरायचा न्हाई. चढ आता जल्दी, गाडी सुटून राह्यली."

गोदावरीचा पूल मागे पडेपर्यंत मी रडले नाही. नंतर रडले, आणि शेजारच्या बाईने मला एक पेरू दिला. तुमच्यापैकी जे असे निघाले त्यांना हे सांगायला नको. जे राहिले त्यांना कितीही सांगितलं तरी ते म्हणणार, तू तर हसत गेल्तीस की. असो. दोघांसाठीच लिहिते आहे.

आमच्या घराचं मागचं दार नदीच्या अंगाला उघडायचं. दारापासून उतारापर्यंत चुली, चुलींवर तांब्याचे हंडे आणि पुढे बांबूंना बांधलेल्या दोऱ्या. लग्नसराईत दोऱ्यांवर फेटे आणि लुगडी वाळायची, नवरात्राच्या आधी देवीची वस्त्रं, उरूस जवळ आला की दर्ग्याच्या हिरव्या चादरी. बापूंच्या आजोबांच्या काळी मुळ्या आणि साली उकळून रंग काढायचे म्हणे. माझ्या आठवणीत मात्र पत्र्याच्या डब्यातली पूडच आहे. डबा उघडला की पूड उडायची. शिंकलं की रुमाल लाल. बापू पूड चिमटीत घेऊन जिभेच्या टोकाला लावायचे, माल चांगला आहे की भेसळीचा ते चवीवरून सांगायचे आणि थुंकून कामाला लागायचे.

घरातला एक जुना विनोदही इथेच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. लाल रंगाचं काम भरात असलं की आमच्या घरातल्या गड्यांची लघवी तांबूस व्हायची. निदान सगळे तसं म्हणायचे. बापू भिंतीमागून यायचे आणि जाहीर करायचे, "आज रंग उतरून राह्यला बरं का." आज्या, म्हणजे बापूंचा बाप, तर अभिमानाने सांगायचा, की खरा रंगारी आतूनही रंगलेला असतो. म्हातारपणी लघवी अडून अडून, तळमळत तो गेला. सगळ्यांनी मुतखडा म्हटलं. मीही म्हटलं. आठ वर्षांची होते.

औरंगाबादला कॉलेजात पहिल्याच आठवड्यात कांद्याचा पापुद्रा रंगवायचा होता. काचेवर पापुद्रा, त्यावर लाल रंगाचा थेंब, मग जास्तीचा रंग धुऊन टाकायचा. वर्गातल्या शहरी मुलींचे पापुद्रे जांभळासारखे काळे झाले. माझा नाही झाला. पाणी कधी फिरवायचं आणि कधी थांबायचं ते मनगटाला ठाऊक होतं. मॅडमनी सगळ्यांना माझी काच दाखवली. होस्टेलवर माझ्या ओढणीवरच्या लाल डागाला हसणाऱ्या मुली त्या दिवसापासून काच रंगवून घ्यायला माझ्याकडे यायला लागल्या. मी सुट्टीत घरी हे सांगितलं तर बापू मायला म्हणाले, "बघ, एवढं शिकून बी पोरगी हंड्यावरच बसली."

खोटं नव्हतं. पुढे मुंबईत शिकले, मग इंग्लंडच्या उत्तरेला, जुन्या कापडगिरण्यांच्या एका शहरात कामाला लागले. तिथेही तेच करत होते. माणसाच्या अंगातला तुकडा मेणात बसवायचा, पापुद्र्याहून पातळ कापायचा, निळ्या आणि गुलाबी रंगात रंगवायचा आणि बघत बसायचं. मूत्राशयाच्या कॅन्सरवर काम करणारी लॅब होती. मी तो विषय निवडला असं नाही. जागा तिथे रिकामी होती.

मूत्राशयाला आतून अस्तर असतं. त्याच्या पेशी मोठ्या समजूतदार. मूत्राशय भरला की पसरतात, रिकामा झाला की आखडतात, पण एकमेकींचे हात सोडत नाहीत. त्यातली एखादी बिघडते आणि वाढत सुटते. गाठ होते. गाठीतल्या सगळ्या पेशी त्या एकीच्याच लेकी, पण साऱ्या सारख्या निघत नाहीत. एकाच गाठीत काही जुन्या वळणाच्या, काही अर्ध्या बदललेल्या, काही अशा की त्या या घरातल्या आहेत हे सांगूनही खरं वाटू नये. औषध दिलं की काही मरतात, काही तशाच राहतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या रूप पालटतात. शेजारणीला धरून बसलेली पेशी हात सोडते, लांबट होते, सरपटत निघते, दुसरीकडे जाऊन बसते आणि तिथे बस्तान बसलं की पुन्हा पहिल्यासारखी दिसायला लागते. आमच्या धंद्यात याला प्लॅस्टिसिटी म्हणतात. मराठीत लवचीकपणा म्हणावं तर कौतुक केल्यासारखं वाटतं.

कौतुक माझं मात्र व्हायचं. सुमन किती लवकर रुळली, असं तिकडे सगळे म्हणायचे. मी भाकरीवाचून जेवायला शिकले, बर्फात चालायला शिकले, हवामानावर गप्पा मारायला शिकले. शहागडला फोन लागला की माझी भाषा आपोआप बदलायची आणि ठेवला की परत बदलायची. माणसाने जुळवून घेतलं तर शाबासकी, पेशीने घेतलं तर माणूस जातो. पण एका परिषदेत कोणीतरी या पेशींची तुलना परदेशी आलेल्या माणसांशी केली आणि सगळे हसले, तेव्हा मला भयंकर राग आला. पेशी निघते तेव्हा तिच्या ट्रंकेची सुतळी कोणी तपासत नाही. मी हे तिथे बोलले नाही. इंग्रजीत सुतळीला काय म्हणतात ते ऐनवेळी आठवलं नाही.

त्या शहरातले आमचे बरेचसे म्हातारे रुग्ण कधीकाळी रंगाच्या कारखान्यांत राबलेले होते. ते कळलं तेव्हा मला जिभेच्या टोकाला पूड लावणारे बापू आठवले. मी लगेच बापूंना फोनवर सांगितलं, पूड चाखू नका, नाकाला फडकं बांधा, हातमोजे घाला. पार्सलने रबरी हातमोजेही पाठवले. बापू पोट धरून हसले. "हातमोजे घालून रंगारी? मंग पाय न भिजवता कोळी बी दाखव." पुढच्या खेपेला गेले तर माय माझे हातमोजे घालून मिरच्या कुटत होती. म्हणाली, "लई बेस हायेत, हाताची आग होत न्हाई." पालथ्या घड्यावर पाणी. मला हसूही आलं आणि रागही.

त्यानंतर काही वर्षांनी, उरुसाच्या आधी, हे सुरू झालं.

मला ते नंतर मायने सांगितलं. बापू भिंतीमागून आले आणि नेहमीसारखे म्हणाले, रंग उतरून राह्यला. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. दुखत काही नव्हतं. माय चादरी पिळत होती. पिळता पिळता तिने स्वतःच्या हातांकडे बघितलं. हात हिरवे होते. बापूंचेही हिरवे. महिनाभर अंगणात हिरव्याशिवाय दुसरा रंग नव्हता.

"म्या म्हन्लं, आवं, महिना झाला, हंड्यात हिरवं सोडून काईच न्हाई. मंग लाल कुठून उतरून राह्यलं?"

"जुना आसंल. मुरलेला," बापू म्हणाले.

"मुरलेला रंग असा धारेनं पडतो व्हय?"

बापूंनी पुढची चादर हंड्यात सोडली. सगळ्या चादरी पुऱ्या करून, दर्ग्यात पोचवूनच ते जालन्याला डॉक्टरकडे गेले. उरूस कोणासाठी थांबत नाही, म्हणाले. धाकट्या भावाने, दिगूने, मला एसटीडी बूथवरून फोन केला तेव्हा डॉक्टरांनी मुंबईला जायला सांगून झालं होतं. दिगू म्हणाला, "ताई, बापूच्या मूत्राशयात गाठ हाय म्हन्तेत. तुझं काम त्याचंच हाय ना? मंग घाबरायचं काम न्हाई ना?" मी काय बोलले आठवत नाही. लॅबमध्ये समोर रंगवलेल्या काचा वाळत होत्या एवढं आठवतं.

मी मुंबईला पोचले तोवर दुर्बीण घालून गाठ खरवडून काढली होती. बापू कॉटवर बसून शेजारच्या रुग्णाला कच्चा रंग आणि पक्का रंग यातला फरक समजावत होते. डॉक्टर भला माणूस होता. त्याने दिगूला आणि मला बसवून सांगितलं, की आत्ता गाठ वरवरची आहे, भिंतीत शिरलेली नाही, हे नशीब. पण ही परत येते. त्याच जागी किंवा दुसऱ्या जागी. म्हणून दर तीन महिन्यांनी दुर्बीण घालून बघायचं, चुकवायचं नाही. वरवरची आहे तोवर आपण जिंकतो. भिंतीत शिरली की खेळ बदलतो. मला हे सगळं तोंडपाठ होतं, तरी मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकत होते.

गाठ परत येऊ नये म्हणून मूत्राशयात सोडायला त्यांनी टीबीची लस दिली, लहान मुलांच्या दंडावर देतात तीच. बापूंना त्याची फार गंमत वाटली. "लेकराची लस म्हाताऱ्याला, अन् ती बी भलत्याच जागी," असं ते भेटायला येईल त्याला सांगायचे.

त्याच इस्पितळात काचा तपासण्याच्या विभागात माझी मुंबईची एक वर्गमैत्रीण होती. तिने बापूंच्या गाठीची काच मला मायक्रोस्कोपखाली बघायला दिली. मी बघत राहिले. बापू मागे खुर्चीवर बसले होते. त्यांना राहवेना.

"काय बघून राह्यलीस इतका येळ? मला बी दाखव."

मैत्रिणीने दाखव म्हणून मान हलवली. मी बाजूला झाले. बापूंनी चष्मा काढला, परत घातला, परत काढला आणि डोळा लावला. स्वतःच्याच मरणाकडे माणूस असा बघत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. ते रंग बघत होते. डोळा न काढता म्हणाले, "कोणी रंगवलं हे?"

मैत्रीण म्हणाली, "आमच्याकडेच, काका."

"बराबर न्हाई बसला. इथं गडद, इथं फिक्कं, इथं तर धरलाच न्हाई. एका पाण्यातनं काढलेलं वाटतच न्हाई. कापड आधी नीट धुतलं न्हाई, न्हाईतर तुरटी कमी पडली."

मी सांगितलं, "बापू, रंग चांगलाच बसलाय. त्या पेशींतच एकीसारखी दुसरी नाही. म्हणून कुठे गडद, कुठे फिकट. आजारच तसा आहे."

बापू माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसले. "नवा गडी असंच म्हन्तो. रंग बेस हाय, कापडच खराब."

मैत्रीण खळखळून हसली. मीही हसले. मूत्राशयाच्या गाठीतल्या त्या न जुळणाऱ्या पेशींवर मी तेव्हा कित्येक वर्षं घालवली होती, आणि माझ्या बापाने सगळं खापर रंगावर फोडलं. आमच्या घराची रीतच ती. लघवी लाल, रंगामुळे. काच डागाळलेली, रंगामुळे.

त्या दिवशी संध्याकाळी जिना उतरताना ते मधेच थांबले. कठडा धरून उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "सुमे, रंगानंच झालं का?"

मी म्हटलं, "बहुतेक हो, बापू."

त्यांनी कठड्यावरच्या हाताकडे बघितलं. उरुसाचा हिरवा अजून नखांत होता. "तुम्हाला वाढवलं त्यानंच की," म्हणाले. मग दोन पायऱ्या उतरून म्हणाले, "दिगूला सांग. म्हनावं, चुली इझव. आजच. बिलकुल पेटवायच्या न्हाई परत."

दिगूने चुली विझवल्या. हंडे बरेच दिवस अंगणात उलटे पडून होते, मग मोडीत गेले. दोऱ्यांवर घरचे टॉवेल वाळायला लागले. दिगूने वडीगोद्रीला हायवेच्या कडेला तयार कपड्यांचं दुकान टाकलं. तो फोनवर म्हणाला, "ताई, बैल गेला अन् झोपा केला." मी म्हटलं, बैल अजून आहे, तू फक्त बापूंना दर तीन महिन्यांनी मुंबईला ने. तो एकदा घेऊन गेला. दुसऱ्यांदाही. त्या वेळी समोरच्या बाजूला एक बारीक गाठ निघाली, तीही खरवडली. मैत्रिणीने काच बघून मला कळवलं, की पहिलीचीच लेक वाटते, सुटून तिकडे जाऊन बसलेली. अजून भिंतीत गेली नव्हती. अजून आम्ही जिंकत होतो.

तिसऱ्या वेळी बापू गेले नाहीत.

का, ते मला फोनवर त्यांनी शांतपणे समजावलं. "हे बघ, कापड हंड्यातनं भाईर काढलं. हंडा मोडीत गेला. आता अजून रंग कसा चढंल? लघवी पान्यासारखी साफ हाय. मायला इचार." मायनेही सांगितलं, साफ आहे, मी रोज बघते. मी ओरडले. मी समजावलं, की हा रंग कापडावर बसलेला नाही, कापडच बदललंय, आणि ते आता स्वतःहून वाढतंय. बापू म्हणाले, "तुझं खरं असंल. पर आपल्या डोळ्याला दिसतंय ते बी खरं हाय." मी इंग्लंडात बसून उंटावरून शेळ्या हाकत होते. दिगूचं नवीन दुकान, रोजचं गिऱ्हाईक. बापू ठणठणीत, सायकलवर वडीगोद्रीला दुकानात येऊन बसायचे, तयार फेट्यांना नावं ठेवायचे. अशा माणसाला ओढून मुंबईला कोण नेणार? मी दिगूला दोष दिला नाही. रागात एकदा दिला, पण नंतर नाही.

आयुष्यभर एका गोष्टीत बदल न करणारा माणूस होता तो. पाण्याची उकळी, तुरटी, पिळायची पद्धत, सगळं बापाने शिकवलं तसंच. जेवायला बसायची जागासुद्धा ठरलेली. आणि त्याच्याच पोटात त्या पेशी रोज नवं रूप घेत होत्या. हे मी लॅबमध्ये बसून दुसऱ्यांच्या काचांवर बघत होते, आणि घरी फोन केला की लघवी साफ असल्याचं कळत होतं.

मग एका सकाळी लघवीत रक्ताच्या गाठी पडल्या, आणि त्याच आठवड्यात कंबर दुखायला लागली. मी निघाले. विमानात मला माहीत होतं. डॉक्टरने फोटो दिव्यासमोर धरले तेव्हा मूत्राशयाची गाठ भिंत ओलांडून हाडापर्यंत गेलेली होती. मूत्राशय काढून पोटाला पिशवी लावायचं ऑपरेशन असतं, त्याची धास्ती बापूंनी घेतली होती. डॉक्टर म्हणाले, आता त्याचाही उपयोग नाही. बापूंना तेवढंच बरं वाटलं.

सलाइनमधून औषध सुरू झालं. पहिल्या दोन खेपांना गाठी वितळल्या. माय नवस फेडायची तयारी करायला लागली. पुढचं पान मी वाचलेलं होतं. औषधाने मरणाऱ्या मेल्या आणि बदलून बसलेल्या उरल्या. महिन्याभरात गाठी परत आल्या, आणि मानेजवळच्या गाठीतून घेतलेला तुकडा मी मैत्रिणीकडे बघितला तेव्हा त्यात अस्तराच्या पेशींसारखं काहीच उरलं नव्हतं. सगळ्या लांबट, सुट्या, एकमेकींचे हात सोडलेल्या. कोणी मला न सांगता ती काच दिली असती तर हा माझा बाप आहे हे मी ओळखलं नसतं.

वॉर्डात आले तर बापू जागे होते. "या बारीला मला दाखवलं न्हाईस," म्हणाले.

मी म्हटलं, "रंग बराबर बसला न्हाई, बापू."

त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान आलं, की मला भिंतीकडे तोंड करावं लागलं. "मंग?" म्हणाले. "परत रंगव. घाई करू नको."

त्यांना शहागडला आणलं. मागच्या दाराजवळ, नदी दिसेल अशी कॉट टाकली. माझी रजा संपत आली होती. राहावं की जावं, या प्रश्नाला तुमच्यातल्या निघालेल्यांपैकी कोणाला बरोबर उत्तर सापडलं असेल तर मला कळवा. बापूंनीच मला जायला सांगितलं. "हितं बसून काय करणार? तिकडं दुसऱ्याचा बाप आसंल." मी वाकले. त्यांनी हात उचलला. रंग बंद होऊन इतके दिवस झाले होते, की नखांतलंही सगळं निघून गेलं होतं. गोरा, पातळ, धुतलेला हात. तो त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला. तळवा. जन्मात पहिल्यांदा.

लहानपणी दुसऱ्या मुलींच्या डोक्यावर त्यांच्या बापांचा पंजा बघून मला हेवा वाटायचा, असं मी म्हटलं तर खोटं होईल. पण तळवा किती गरम असतो ते मला त्या दिवशी कळलं. आणि तो नको होता. मी म्हटलं, "बापू, कोपर लावा."

"आता हाताला रंग कुठंय, येडे?"

"असू द्या. तरी लावा."

त्यांनी लावलं. नुसतं हाड होतं. मीच डोकं थोडं वर नेऊन त्याला टेकवलं. ते गेले तेव्हा मी पोचू शकले नाही. दिगूने फोनवर सांगितलं, आणि आम्ही दोघं कितीतरी वेळ रिसीव्हर धरून नुसते रडत राहिलो.

माय त्यानंतर चार पावसाळे राहिली. आता घर म्हणजे मागचं दार कुलपात असलेली एक जागा आहे. नदीकडच्या उतारावर बाभळी वाढल्या आहेत. दिगूने वडीगोद्रीला दोन मजली बांधलंय, तिथे माझ्यासाठी एक खोली आहे, गादीवर प्लॅस्टिकचं कव्हर अजून तसंच. मी गेले की त्या खोलीत झोपते आणि घरी आल्यासारखं मला वाटत नाही. इंग्लंडात परत आले की तिथेही वाटत नाही. बापूंचे उरलेले मेणाचे ठोकळे मुंबईतल्या त्या इस्पितळात कुठल्यातरी कपाटात असतील. आयुष्यभर जिल्ह्याबाहेर न राहिलेला माणूस, त्याचा तेवढा भाग मुंबईला राहिला. घर कुठे, असं कोणी विचारलं की मला वर्षानुवर्षं सांगता यायचं नाही. आता थोडं येतं.

गेल्या जूनमध्ये दिगूची मुलगी, मुक्ता, पुण्याला कॉलेजला निघाली. मी योगायोगाने तिथे होते. वडीगोद्रीच्या फाट्यावर आम्ही सगळे गाडीची वाट बघत होतो. दोन चाकांची बॅग होती, सुतळीचा प्रश्न नव्हता. तरी दिगूची बायको बॅगेची चेन परत परत ओढून बघत होती. गाडी आली. मुक्ता वाकली. आणि दिगूने, ज्याने वीस वर्षांत रंगाच्या डब्याला हात लावला नाही, ज्याचे हात दिवसभर कोऱ्या शर्टांच्या घड्या घालतात, दोन्ही हात अंगापासून लांब धरले, कोपर उचललं आणि लेकीच्या डोक्यावर टेकवलं. त्याला स्वतःला ते कळलंही नसावं. मग ती माझ्यापुढे वाकली. मी आयुष्यभर हातमोजे घालून रंग हाताळलेली बाई. माझंही कोपरच वर गेलं.

मुक्ता उभी राहिली. "आत्या, आपल्यात डोक्यावर हात का न्हाई ठेवत?"

"रंग लागू नये म्हणून," मी म्हटलं.

तिने तिच्या बापाचे हात बघितले, मग माझे. दोघांचेही स्वच्छ होते. कंडक्टरने घंटी मारली आणि ती पळत जाऊन गाडीत चढली.